२७४ की २७५ : फ्लूच्या न्यूरामिनिडेजची यजमानांनुसार तुलना कशी करावी

पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवमाहितीशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधायला सुरुवात केली की इन्फ्लुएंझा हमखास निघतो, आणि त्याला कारणही आहे. या शहराने २००९ चा ऑगस्ट पाहिलेला आहे. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी इथेच झाला, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि तोंडाला ओढणी गुंडाळून दुचाकी चालवण्याची पुणेकर मुलींची जुनी सवय त्या महिन्यात एकाएकी वैद्यकीय ठरली. शिवाय १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था याच शहरात आहे, त्यामुळे फ्लू हा विषय इथल्या विद्यार्थ्याला परका वाटत नाही.

या विषयात नवख्या विद्यार्थ्याला लॅपटॉपवर बसून, एकही नमुना न हाताळता, दोन-तीन महिन्यांत नीट पुरा करता येईल असा एक प्रश्न आहे: माणसांतल्या, डुकरांतल्या आणि पक्ष्यांतल्या फ्लू विषाणूंच्या पृष्ठभागावरचे न्यूरामिनिडेज हे एन्झाइम एकमेकांपेक्षा कुठे आणि किती वेगळे आहे? प्रश्न दिसतो सोपा. मात्र अशा प्रकल्पांच्या अहवालांत मी ज्या चुका पाहते त्या जीवशास्त्राच्या क्वचितच असतात. अमिनो आम्लाचा क्रमांक चुकलेला असतो (शीर्षकातला २७४–२७५ चा घोळ यातलाच), यजमानाच्या, म्हणजे विषाणू ज्याच्या शरीरात वाढतो त्याच्या, नावावर डोळे मिटून विश्वास ठेवलेला असतो, किंवा विषाणू प्रयोगशाळेत कशावर वाढवला होता हे पाहिलेलेच नसते. पुढच्या पायऱ्या याच तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

आधी एन्झाइमची ओळख

इन्फ्लुएंझा ए विषाणूच्या आवरणावर दोन मोठी प्रथिने असतात. हिमॅग्लुटिनिन पेशीवरच्या सियालिक आम्ल या साखरेच्या रेणूला चिकटते आणि न्यूरामिनिडेज तेच सियालिक आम्ल कापते. एक धरते आणि दुसरे सोडवते. नवीन तयार झालेले विषाणू पेशीच्या पृष्ठभागाला आणि एकमेकांना चिकटून बसू नयेत, तसेच श्वासमार्गातल्या शेंबडातली सियालिक आम्ले कापत वाट काढता यावी, यासाठी हे एन्झाइम लागते. ही दोन कामे एकमेकांना तोलून राहावी लागतात. म्हणूनच न्यूरामिनिडेजमध्ये दिसलेला एखादा बदल हिमॅग्लुटिनिनमधल्या बदलाची भरपाई असण्याची शक्यता कायम मनात ठेवावी.

आकाराने हे प्रथिन छत्रीसारखे किंवा अळंबीसारखे असते. चार सारख्या साखळ्या एकत्र येऊन वरचे डोके तयार होते, त्याखाली देठ असतो, आणि साखळीचा सुरुवातीचा भाग आवरणात रुतलेला असतो. सहाव्या जनुकखंडावर याची माहिती असते. रानटी पाणपक्ष्यांत एन१ ते एन९ असे नऊ उपप्रकार सापडतात. वटवाघळांत सापडलेले एन१० आणि एन११ दिसायला त्यांच्यासारखे असले तरी सियालिक आम्ल कापत नाहीत, त्यामुळे ते या तुलनेत घेऊ नयेत. इन्फ्लुएंझा सी आणि डी यांच्या पृष्ठभागावर न्यूरामिनिडेज नसून एस्टरेज प्रकारचे एन्झाइम असते, तेही इथे बाजूला ठेवू.

उपप्रकारांचे दोन गट पाडतात: एन१, एन४, एन५ आणि एन८ हा पहिला, तर एन२, एन३, एन६, एन७ आणि एन९ हा दुसरा. हे गट पाठ करून ठेवा, कारण संरचना पाहायच्या पायरीवर त्यांचा संबंध येणार आहे.

पहिली पायरी : प्रश्न लहान करणे

'सर्व यजमान, सर्व उपप्रकार' असा प्रकल्प घेऊ नये. एकच उपप्रकार घ्यावा, आणि माझे मत विचाराल तर तो एन१ असावा, कारण एन१ माणूस, डुक्कर, बदक आणि कोंबडी या चौघांतही भरपूर सापडतो आणि त्याचा इतिहास पुरेसा गुंतागुंतीचा, म्हणजे शिकण्याजोगा आहे. १९१८ च्या साथीपासून आलेली मानवी शाखा १९५७ मध्ये नाहीशी झाली, १९७७ मध्ये परतली आणि २००९ च्या विषाणूने तिला हटवले. त्या २००९ च्या विषाणूचा एन१ मात्र या जुन्या शाखेतला नव्हताच. तो युरेशियातल्या डुकरांकडून आला, आणि त्या डुकरांना तो १९७९ च्या सुमारास युरोपात पक्ष्यांकडून मिळाला होता.

एन१ हाताखालून गेला की मग एन२ घ्यावा. त्याची गोष्ट सरळ आहे: १९५७ साली पक्ष्यांकडून माणसांत आला, १९६८ मध्ये हिमॅग्लुटिनिन बदलले तरी हा टिकला, आणि आजही एच३एन२ मध्ये (एच म्हणजे हिमॅग्लुटिनिनचा आणि एन म्हणजे न्यूरामिनिडेजचा उपप्रकार) चालू आहे. काळानुसार होणारा बदल पाहायचा असेल तर एन२ सारखे उदाहरण नाही.

दुसरी पायरी : सीक्वेन्स गोळा करणे

एनसीबीआय व्हायरस या संकेतस्थळावरून सीक्वेन्स, म्हणजे जनुकातल्या किंवा प्रथिनातल्या घटकांचा अक्षरांत लिहिलेला क्रम, कोणालाही थेट उतरवून घेता येतात. गिसेड या दुसऱ्या सीक्वेन्स-साठ्यासाठी नोंदणी करावी लागते. तिथले सीक्वेन्स दुसऱ्याला वाटायचे नसतात आणि ते जमा करणाऱ्या प्रयोगशाळांचा उल्लेख करायचा असतो, तेव्हा प्रकल्पाच्या परिशिष्टात गिसेडचे सीक्वेन्स जसेच्या तसे चिकटवू नयेत.

पाच हजार सीक्वेन्स उतरवण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. तीस ते पन्नास पुरतात, फक्त ते विचाराने निवडलेले हवेत. एकाच शहरातल्या एकाच हंगामातले दोनशे सीक्वेन्स म्हणजे एकाच विषाणूच्या दोनशे झेरॉक्स असतात. त्यापेक्षा प्रत्येक शाखेतून आणि प्रत्येक दशकातून दोन-तीन घ्यावेत, आणि काही ठरलेले संदर्भ अवश्य ठेवावेत: ए/गूस/ग्वांगडाँग/१/१९९६, ए/व्हिएतनाम/१२०३/२००४ आणि ए/कॅलिफोर्निया/०७/२००९. नावाची ही पद्धत ओळखीची करून घ्यावी. प्रकार, यजमान, ठिकाण, नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष असा तिचा क्रम असतो. यजमान माणूस असेल तर त्याचे नाव गाळतात. म्हणजे व्हिएतनामचा विषाणू माणसाकडून मिळालेला आहे, पण तो एच५एन१, अर्थात पक्ष्याचा विषाणू आहे. इथूनच पुढची अडचण सुरू होते.

याच वेळी एक एक्सेल तक्ता उघडावा आणि प्रत्येक सीक्वेन्ससाठी नाव, वर्ष, देश, लांबी, कशावर वाढवला आणि यजमान हे रकाने भरावेत. यजमानासाठी एक नव्हे, दोन रकाने ठेवावेत: नमुना कोणाकडून घेतला, आणि विषाणूची वंशावळ कोणाची. दुसरा रकाना आता रिकामाच राहू द्यावा.

हे का, ते महाराष्ट्रातल्याच उदाहरणाने सांगते. २०१९ मध्ये मेळघाटातल्या सतरा महिन्यांच्या एका बाळात एच९एन२ विषाणू सापडला आणि राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्याची नोंद केली. भारतातली माणसातली ती पहिली नोंद. डेटाबेसमध्ये अशा सीक्वेन्ससमोर यजमान म्हणून 'माणूस' असे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. पण ते एन्झाइम माणसात घडलेले नाही. असे दहा सीक्वेन्स मानवी गटात शिरले की माणसाचे आणि कोंबडीचे न्यूरामिनिडेज फारसे वेगळे नाही असा निष्कर्ष सहज निघतो. उलटेही होते: डुकरांना माणसांकडून फ्लू वारंवार मिळतो, त्यामुळे 'डुक्कर' असे लिहिलेला सीक्वेन्स प्रत्यक्षात गेल्या हंगामातला मानवी विषाणू असू शकतो.

तिसरी पायरी : निवडून टाकणे

तांदूळ निवडायला बसतो तसे इथे बसावे लागते. पूर्ण लांबीच्या एन१ मध्ये ४६९ अमिनो आम्ले असतात, म्हणजे थांबण्याच्या संकेतासह १,४१० न्यूक्लिओटाइड. यापेक्षा लहान सीक्वेन्स दिसला तर तो अर्धवट आहे की मुळातच आखूड आहे हे पाहावे. सुरुवातीची सहा अक्षरे (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) एम-एन-पी-एन-क्यू-के अशी असली तर साखळीची सुरुवात शाबूत आहे. इन्फ्लुएंझा ए च्या जवळजवळ सर्व न्यूरामिनिडेजची सुरुवात याच सहा अक्षरांनी होते, त्यामुळे नजर बसली की पाच सेकंदांत कळते. ज्यात अनिश्चित अक्षरांची, म्हणजे 'एक्स' ची रांग आहे तो सीक्वेन्स काढून टाकावा.

जुन्या प्रयोगशाळेतल्या विषाणूंना सरळ बाहेरचा रस्ता दाखवावा. पीआर८ म्हणून ओळखला जाणारा १९३४ चा विषाणू आणि डब्ल्यूएसएन हा १९३३ चा विषाणू, या दोघांसमोरही यजमान 'माणूस' असेच लिहिलेले सापडते. परंतु वर्षानुवर्षे अंड्यांत, उंदरांत आणि पेशीसंवर्धनात वाढवल्यामुळे ते आता कोणत्याच यजमानाचे राहिलेले नाहीत. पीआर८ च्या न्यूरामिनिडेजमध्ये ४५४ आणि डब्ल्यूएसएनच्यात ४५३ अमिनो आम्ले आहेत, कारण दोघांचाही देठ आखूड आहे. डब्ल्यूएसएनमध्ये तर १४६ व्या स्थानावरची साखर जोडण्याची जागाही गेलेली आहे, आणि त्याचा संबंध त्याच्या उंदराच्या मेंदूत वाढण्याशी आहे. हे दोघे मानवी गटात राहिले तर 'माणसांतही देठ आखूड होतो' असे विधान अहवालात येते. मी ते वाचलेले आहे.

संवर्धनाचा, म्हणजे विषाणू कशावर वाढवला त्याचा, रकाना कंटाळवाणा वाटला तरी भरावाच. एच३एन२ विषाणू एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींत वाढवताना १५१ व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी ग्लायसिन किंवा ॲस्पॅराजिन असलेले विषाणू पुढे येतात. ही जागा एन्झाइमच्या ऐन गाभ्यातली आहे, त्यामुळे नवख्याला वाटते की मोठा शोध लागला. रुग्णाच्या मूळ नमुन्यातून थेट वाचलेला सीक्वेन्स मिळत असेल तर तोच घ्यावा.

चौथी पायरी : जुळणी आणि ती डोळ्यांनी पाहणे

न्यूक्लिओटाइडचे भाषांतर अमिनो आम्लांत करावे, मग मॅफ्टसारख्या मोफत प्रणालीने त्यांची जुळणी करावी, ज्याला प्रयोगशाळेत सगळे अलाइनमेंटच म्हणतात. पन्नास सीक्वेन्सना काही सेकंद लागतात. त्यानंतर ती अलीव्ह्यू किंवा जॅलव्ह्यू या जुळणी दाखवणाऱ्या प्रणालीत उघडावी आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सावकाश सरकवत निदान एकदा पूर्ण पाहावी. ही पायरी टाळणारे विद्यार्थी पुढे आठवडाभर चुकीच्या आकड्यांवर काम करतात.

काय दिसायला हवे? एन१ मध्ये साधारण १४४ व्या अक्षरापासून एच-एस-एन-जी-टी-व्ही-के-डी-आर-एस-पी-वाय-आर ही ओळ शोधा. यातला 'एन' म्हणजे १४६ वी ॲस्पॅराजिन. तिच्यानंतर कोणतेही एक अक्षर, पण प्रोलीन नाही, आणि मग सेरिन किंवा थ्रिओनिन आले की तिथे साखर जोडली जाऊ शकते. पुढचा 'डी' म्हणजे १५१, त्याला चिकटलेला 'आर' म्हणजे १५२, आणि शेवटचा 'आर' १५६. तीनही जागा एन्झाइमच्या कामाच्या आहेत. बदक असो, डुक्कर असो की माणूस, या तीन अक्षरांचे तीन सरळ खांब पडद्यावर वरपासून खालपर्यंत उभे दिसले पाहिजेत. एखादी ओळ तिथे एका घराने सरकलेली असेल तर दोष विषाणूचा नसून जुळणीचा आहे.

पाचवी पायरी : क्रमांकांचा तक्ता

शीर्षकातला प्रश्न इथे येतो. ऑसेल्टामिव्हिर या औषधाला, म्हणजे टॅमीफ्लूला, दाद न देणारा प्रसिद्ध बदल, म्हणजे हिस्टिडिनच्या (एच) जागी टायरोसिन (वाय) येणे, काही लेखांत एच२७४वाय असतो आणि काहींत एच२७५वाय. दोन्ही बरोबर आहेत. पहिला एन२ च्या क्रमांकाने मोजलेला आहे, दुसरा एन१ च्या. हिस्टिडिन तीच, घरांक वेगळा.

बरेच जण यावरून 'एन१ मधून एक वजा केला की एन२' असा नियम बनवतात. तो चालत नाही. ११८, ११९, १५१, १५२ आणि १५६ ही स्थाने दोन्हींत सारखीच आहेत. त्यानंतर एन१ मध्ये एक अमिनो आम्ल जास्त येते, म्हणून एन२ चे २२२ म्हणजे एन१ चे २२३, २७४ म्हणजे २७५, २९२ म्हणजे २९३. पण पुढे एन१ मध्ये काही अक्षरे कमी पडतात आणि पारडे उलटे फिरते: एन२ चे ३७१ हे एन१ मध्ये ३६८ असते, तर ४०६ हे ४०२. यात भर म्हणजे आखूड देठाच्या एच५एन१ मध्ये देठापुढचे सगळे क्रमांक वीसने मागे येतात.

माझी पहिली तुलना याच खड्ड्यात पडली होती. ४४९ लांबीच्या एका सीक्वेन्समध्ये मी बोटाने मोजत २७५ वे अक्षर गाठले; तिथे हिस्टिडिन नव्हती, ॲस्पॅराजिन होती. 'कोंबड्यांच्या विषाणूत औषधाच्या जागी नवा बदल' असे मोठ्या उत्साहाने लिहून मी ते मार्गदर्शकांपुढे ठेवले. त्यांनी काही न बोलता कागदावर '२७५ + २० = २९५' एवढेच लिहिले. मी पाहत होते ती पूर्ण लांबीच्या एन१ मधली २९५ वी ॲस्पॅराजिन होती, जी तिथे असायलाच हवी. माझी हिस्टिडिन वीस घरे मागे, २५५ व्या क्रमांकावर, जागच्या जागी होती.

तेव्हा तक्ता असा करावा. जुळणीत एन२ चा एक संदर्भ सीक्वेन्स जोडावा. प्रत्येक महत्त्वाच्या खांबासमोर तीन आकडे लिहावेत: एन२ चा क्रमांक, पूर्ण एन१ चा क्रमांक, आणि त्या विशिष्ट सीक्वेन्समधला प्रत्यक्ष क्रमांक. पुढे अहवालात क्रमांक लिहिताना तो कोणत्या पद्धतीचा हे प्रत्येक वेळी सांगावे. खूण म्हणून एन१ मधली एच-वाय-ई-ई-सी-एस-सी-वाय-पी आणि एन२ मधली एच-व्ही-ई-ई-सी-एस-सी-वाय-पी या ओळी एकाखाली एक ठेवून पाहा. पहिला 'एच' एकीत २७५ आणि दुसरीत २७४ आहे. आता गंमत अशी की एन२ चे स्वतःचे २७५ वे स्थान म्हणजे त्या एच-शेजारचा 'व्ही', आणि तिथे आयसोल्युसिन जाऊन व्हॅलिन येण्याचा संबंध मानवी प्रकारचे सियालिक आम्ल जास्त चांगले कापण्याशी जोडला गेला आहे. म्हणजे 'न्यूरामिनिडेजचे २७५' हे शब्द एका लेखात औषधाबद्दल असतात आणि दुसऱ्यात यजमानाबद्दल. घर वेगळे, पाटी एकच.

सहावी पायरी : जे बदलत नाही ते आधी

फरक शोधायची घाई असते, पण आधी साम्य तपासावे. एन२ क्रमांकाने ११८, १५१, १५२, २२४, २७६, २९२, ३७१ आणि ४०६ ही आठ स्थाने सियालिक आम्लाला थेट भिडतात. भोवतालची ११९, १५६, १७८, १७९, १९८, २२२, २२७, २७४, २७७, २९४ आणि ४२५ ही स्थाने त्या आठांना आधार देतात. उपप्रकार बदलला की इतरत्र निम्म्याच्या आसपास अक्षरे बदलतात, तरी पहिली आठ सर्व कामसू न्यूरामिनिडेजमध्ये तीच राहतात. तुमच्या जुळणीत ती आठही सर्व ओळींत तशीच दिसली तर जुळणी आणि तक्ता दोन्ही विश्वासार्ह आहेत असे समजून पुढे जावे. कुठे फरक दिसला तर आधी क्रमांक, मग संवर्धनाचा रकाना, आणि शेवटी जीवशास्त्र, या क्रमाने संशय घ्यावा.

याचा अर्थ यजमानांतला फरक एन्झाइमच्या गाभ्यात शोधून फारसे हाती लागत नाही. तो देठात, गाभ्याच्या शेजारच्या भागात आणि पृष्ठभागावरच्या साखरांत दडलेला असतो.

सातवी पायरी : देठ

ए/गूस/ग्वांगडाँग/१/१९९६ आणि ए/व्हिएतनाम/१२०३/२००४ या दोन ओळी एकाखाली एक आणा. हंसाचा देठ पूर्ण आहे. व्हिएतनामच्या ओळीत ४९ ते ६८ या जागी वीस घरांची मोकळी पट्टी दिसेल. १९९७ च्या हाँगकाँगमधल्या एच५एन१ मध्ये ही पट्टी एकोणीस घरांची होती, तर चीनमध्ये २०१३ साली माणसांत सापडलेल्या एच७एन९ मध्ये पाच घरांची. रानटी पाणपक्ष्यांतला विषाणू कोंबड्यांत स्थिरावताना देठ आखूड होणे हे वेगवेगळ्या उपप्रकारांत, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या लांबीने घडलेले आहे. म्हणूनच तो यजमानाचा खरा ठसा मानता येतो. एकाच पूर्वजाकडून आलेली खूण आणि स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उमटलेली खूण यांत दुसरीला वजन जास्त.

आखूड देठामुळे डोके आवरणाच्या जवळ येते आणि हिमॅग्लुटिनिनच्या गर्दीत त्याला दूरची सियालिक आम्ले कापणे जड जाते, असे मानले जाते. त्यामुळे अशा विषाणूंत हिमॅग्लुटिनिनवर जास्तीची साखर आली आहे का, हेही पाहण्यासारखे असते.

पण 'एच५एन१ म्हणजे आखूड देठ' असे समीकरण करू नये. २०२० नंतर रानटी पक्ष्यांमार्फत जगभर पसरलेल्या आणि २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंत शिरलेल्या एच५एन१ च्या शाखेत देठ सहसा पूर्ण आढळतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातली पहिली बर्ड फ्लूची साथ कोंबड्यांत आली. त्या काळातले भारतीय सीक्वेन्स आणि अलीकडचे सीक्वेन्स शेजारी ठेवून देठ मोजणे हा नवख्यांसाठी एका दुपारीत होणारा छान सराव आहे. आणखी एक सावधगिरी: देठाची तुलना एकाच उपप्रकारात करावी. एन१ आणि एन२ यांचे देठ इतके वेगळे आहेत की तिथे प्रणाली मोकळी घरे वाटेल तिथे ठेवते आणि त्यातून काहीही वाचता येते.

आठवी पायरी : दुसरी पकड

न्यूरामिनिडेजच्या डोक्यावर, कापण्याच्या जागेशेजारी, सियालिक आम्ल नुसते धरून ठेवणारी दुसरी जागा असते. एन२ क्रमांकाने ३६७, ३७० आणि ३७२ या स्थानांवरच्या सेरिन, ४०० वरची ॲस्पॅराजिन, ४०३ वरचे ट्रिप्टोफॅन आणि ४३२ वरचे लायसिन हे तिचे मुख्य दावेदार. पक्ष्यांच्या विषाणूंत ही सहा अक्षरे बहुधा टिकून असतात. माणसांत आणि डुकरांत स्थिरावलेल्या विषाणूंत त्यांपैकी एक-दोन बदललेली असतात आणि पकड सुटते. १९५७ नंतरच्या एन२ सीक्वेन्सना वर्षानुसार लावून हे सहा खांब पाहावेत.

याच्या शेजारी सियालिक आम्लाच्या जोडाचा, म्हणजे ते पुढच्या साखरेला कसे जोडलेले आहे याचा, विषय येतो. पक्ष्यांच्या आतड्यात अल्फा २,३ जोडाची, तर माणसाच्या वरच्या श्वासमार्गात अल्फा २,६ जोडाची सियालिक आम्ले जास्त असतात. पक्ष्यांकडून आलेला एन२ सुरुवातीला मुख्यतः २,३ जोड कापायचा. माणसांत राहून पुढच्या दशकांत त्याची २,६ जोड कापण्याची क्षमता वाढत गेली. मात्र केवळ अक्षरे पाहून अमुक विषाणू कोणता जोड किती कापतो हे सांगता येत नाही. अहवालात 'शक्यता' हा शब्द वापरायची हीच जागा.

नववी पायरी : वंशवृक्ष

न्यूक्लिओटाइडची जुळणी अमिनो आम्लांच्या जुळणीनुसार, तीन-तीन अक्षरे न तोडता करावी आणि आयक्यू-ट्री या प्रणालीने वृक्ष काढावा; अक्षरे कशी बदलतात याचे गणिती प्रतिमान निवडण्याचे काम ती स्वतः करते. फिगट्री या वृक्ष दाखवणाऱ्या प्रणालीत टोकांना यजमानांनुसार रंग द्यावेत.

एन१ चा वृक्ष नीट आला तर मानवी रंग एका ठिकाणी दिसणार नाही. १९१८ पासूनची शाखा एकीकडे आणि २००९ ची शाखा युरेशियातल्या डुकरांच्या कुशीत दुसरीकडे दिसेल. पक्ष्यांच्या फांद्यांत मधेच एखादे माणसाच्या रंगाचे पान लटकलेले असेल: व्हिएतनामचा रुग्ण. आता एक्सेलमधला तो रिकामा रकाना भरावा. ज्या ओळींत दोन रकाने जुळत नाहीत त्या वेगळ्या कराव्यात आणि पुढच्या मोजणीत स्वतंत्र गट म्हणून ठेवाव्यात. मग 'माणसाचे न्यूरामिनिडेज' असे एकवचनी लिहिण्याऐवजी 'जुन्या हंगामी शाखेतले' आणि '२००९ च्या शाखेतले' असे लिहिण्याची सवय आपोआप लागते.

औषधाचा बदलही याच वृक्षावर ठेवून पाहावा. २००७–०८ च्या हंगामापासून जुन्या हंगामी एच१एन१ मध्ये एच२७५वाय जगभर पसरला, तोही औषधाचा वापर जिथे कमी होता तिथेसुद्धा. २००९ च्या विषाणूने ती शाखाच संपवली आणि नवा विषाणू बहुतांशी औषधाला दाद देणारा निघाला. वृक्ष न पाहता केवळ वर्षवार टक्केवारी काढली तर विषाणू 'सुधारला' असे वाटते. प्रत्यक्षात एक बिऱ्हाड गेले आणि दुसरे आले.

दहावी पायरी : संरचना

प्रोटीन डेटा बँकेतून तीन संरचना घ्याव्यात: एन२ साठी २बीएटी, एच५एन१ च्या एन१ साठी २एचटीवाय आणि २००९ च्या एन१ साठी ३एनएसएस. कायमेराएक्स या संरचना दाखवणाऱ्या प्रणालीत तिन्ही एकमेकींवर बसवाव्यात. गाभ्यातली आठ अमिनो आम्ले जवळजवळ तंतोतंत एकावर एक बसतात. १५० च्या आसपासचा वळसा मात्र २एचटीवायमध्ये उघडा असून त्याच्यामागे एक पोकळी दिसते. पहिल्या गटाचे ते वैशिष्ट्य मानले जात होते. ३एनएसएस पहिल्याच गटातली असूनही तिच्यात ती पोकळी नाही. नियम पाठ करणाऱ्याने हे एकदा स्वतः फिरवून पाहावे.

इथे नवखे विद्यार्थी देठ शोधत बसतात. या संरचनांत फक्त डोके आहे. देठ आणि आवरणातला भाग त्यात नाही, त्यामुळे साधारण ऐंशीच्या आधीचे अमिनो आम्ल पडद्यावर सापडणार नाही. संरचनेच्या फाइलमधले क्रमांकही बहुधा एन२ पद्धतीचे असतात, तेव्हा पाचव्या पायरीचा तक्ता हाताशी असू द्यावा.

प्रयोगशाळेकडे जायचे असेल तर

संगणकावरच्या निष्कर्षाला पुढे नेणारी नेहमीची चाचणी म्युनानाची. हा कृत्रिम पदार्थ एन्झाइमने कापला की चमकणारा भाग सुटतो आणि तो यंत्राने मोजतात. औषध वाढवत नेले की किती मात्रेला काम निम्म्यावर येते तेही कळते. पण म्युनाना हा फारच लहान रेणू आहे. आखूड देठ किंवा दुसरी पकड यांचा परिणाम त्यावर नीट दिसत नाही, त्यासाठी फेट्युइनसारखे सियालिक आम्लांनी भरलेले मोठे प्रथिन लागते. आपण जो फरक शोधत आहोत तो देठातला असेल तर म्युनानाने 'फरक नाही' असे उत्तर येण्याची तयारी ठेवावी, आणि मार्गदर्शकांना तसे आधीच सांगावे.

जिवंत बर्ड फ्लू विषाणू उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेबाहेर हाताळायचे नसतात; माणसांच्या नमुन्यांसाठी पुण्यातली राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि प्राण्यांच्या नमुन्यांसाठी भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था यांची व्यवस्था आहे. कोंबडीच्या दुकानातून नमुना आणून महाविद्यालयातच तपासू का, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते. उत्तर नाही असेच आहे. एन्झाइम हवेच असेल तर विषाणूविना, पेशींत तयार केलेले शुद्ध प्रथिन वापरता येते, आणि ते मागवताना त्याची साखळी कोणत्या सीक्वेन्सवरून, कितव्या अमिनो आम्लापासून सुरू केली आहे, हे मागणीपत्रातच विचारून पाचव्या पायरीच्या तक्त्यात चौथा रकाना करून लिहून ठेवावे.